चिनी टॅबलेटचा होकार

कोणतीही वस्तू कशी तयार होते हे समजून घेतल्याशिवाय ती विकत घ्यायची नाही, हा माझा आयुष्यभराचा नियम आहे. या नियमापायी आमच्या घरी मिक्सर यायला बराच उशीर झाला. तोवर माझ्या पत्नीने, तारामतीने, माझ्या नियमाबद्दलचे आपले मत रोज सकाळी पाट्या-वरवंट्याला ऐकवले, हे मला मान्य आहे. पण आला तो मिक्सर आजही चालतो. ज्याने तंत्रनिकेतनातून पदविका घेतली आणि पुढची सारी नोकरी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मुलांना मोजमाप शिकवण्यात घालवली, त्या माणसाला कोणी दुकानदार फसवू शकत नाही, असे मी नांदेडमध्ये अनेकांना सांगत असे. आता सांगत नाही.

विषय माझ्या नातीचा होता. मुलगा रामलिंग नोकरीनिमित्त हदगावला असतो. सून उज्वला आणि नात पुनम आमच्याजवळ राहतात. पुनमला डॉक्टर व्हायचे आहे. लातूरच्या एका शिकवणी वर्गाची एक निवडक तुकडी आहे. तिच्यात शिरायला एकच दार, ते म्हणजे घरी बसून द्यायची ऑनलाइन परीक्षा. ही परीक्षा एकदाच होते. पुनमने तिच्यासाठी वर्षभर मैत्रिणींची लग्ने, वाढदिवस आणि झोप या तिन्हींचा त्याग केला होता.

"आबा, परीक्षेला मोबाइल चालत नाही, टॅबलेटच लागतो," ती म्हणाली. "मैत्रिणीचा आणू का?"

"दुसऱ्याच्या यंत्रावर आपले भविष्य टांगू नये," मी म्हणालो. "टॅबलेटचे माझ्यावर सोड."

वाचकहो, तिने सोडले. हीच या गोष्टीतील तिची एकमेव चूक.

मी अभ्यासाला लागलो. स्वस्त चिनी टॅबलेट कसे बनतात यावर मिळेल ते वाचले, पाहिले, टिपले आणि एका रात्री जेवताना घरच्यांना समजावून सांगितले. हे टॅबलेट एका कारखान्यात जन्मतच नाहीत. शेन्झेन शहराच्या आसपास एक माणूस फक्त काचा करतो, दुसरा फक्त बॅटऱ्या, तिसरा आतील सर्किटची पाटी. पाठीमागचे कवच एकाच साच्यातून निघते आणि तो साचा वापरायला कोणालाही मोकळीक असते. मोठ्या कंपन्यांनी एखाद्या ठिपक्यासाठी नाकारलेले पडदे लहान कंपन्या उचलतात. हे सारे एका लांब टेबलावर जोडले जाते, आत एक तयार प्रोग्राम ओतला जातो आणि अगदी शेवटी, गिऱ्हाईक म्हणेल ते नाव पाठीवर छापले जाते.

"म्हणजे आपल्या बँडवाल्यासारखं," उज्वला म्हणाली. "मानसं तीच, लग्न बघून पाटी बदलायची."

"अगदी बरोबर. म्हणून नावाला भुलायचे नाही. जोडणी कशी झाली आहे ते बघायचे."

"वरण वाढू का?" तारामतीने विचारले. तिच्या दृष्टीने व्याख्यान संपले होते.

नांदेडच्या वजिराबाद भागातील एका दुकानात मी सकाळी गेलो आणि दुपारपर्यंत थांबलो. बरोबर लहान वजनकाटा, भिंग आणि तापमापक होता. प्रत्येक टॅबलेटच्या कडेची फट भिंगातून पाहिली. चार्जिंगला लावून पाठीचे तापमान घेतले. दुकानदाराने दोनदा चहा मागवला. दुसऱ्यांदा फक्त स्वतःसाठी.

"काका," शेवटी तो म्हणाला, "तुम्हाला घ्यायचाय का त्याला नोकरीवर ठेवायचाय?"

"आतील सर्व भाग सगळ्यांमध्ये सारखेच असतात, हे तुम्हाला माहीत आहे का?" मी विचारले, आणि त्यालाही सारी प्रक्रिया समजावून दिली. तो मन लावून ऐकत होता. इतके मन लावून त्याने ऐकायला नको होते, हे पुढे कळेल.

जो टॅबलेट मी निवडला त्याचे वजन योग्य, फट सारखी आणि पाठ थंड होती. फक्त त्याचा आवाज मी तपासला नाही. अभ्यास डोळ्यांनी करायचा असतो, अशी माझी समजूत होती. घरी आल्या आल्या मी परीक्षेसाठी त्याची नोंदणीही करून टाकली. काम शेवटच्या दिवसावर ठेवू नये, हाही माझा एक नियम आहे. नोंदणीखाली बारीक अक्षरांत लिहिले होते की एकदा नोंदवलेले यंत्र पुन्हा बदलता येणार नाही. मला ते वाचून समाधानच वाटले. शिस्त असावी तर अशी.

पहिली गडबड तारामतीच्या फोनवर झाली. तिचा धाकटा भाऊ दगडोबा मुखेडला शेती करतो, आणि रोज संध्याकाळी त्याचा फोन येतो. या फोनवर दगडोबा बोलतो आणि तारामती "हाव" म्हणते. आमच्या भागात होकाराला हाच शब्द आहे. पाऊस झाला? हाव. म्हैस व्याली? हाव. टॅबलेट शेजारी कपाटावर होता, आणि तारामतीने "हाऽव" म्हणताच आतून एका बाईचा गोड आवाज आला. तीही काहीसे "हाव" असेच म्हणाली. मग पडदा उजळला आणि चिनी भाषेत लहान मुलांची कविता सुरू झाली.

"आवो," तारामतीने मला हाक मारली, "ह्यात कोन बाई हाय?"

"बाई नाही, प्रोग्राम आहे."

"गुनाची हाय. हाव म्हनलं की हाव म्हनती. ह्या घरात आजवर एवढं कुनी ऐकलं न्हाई माझं."

मी शोध घेतला तेव्हा जे निघाले ते माझ्या अभ्यासात नव्हते. आत ओतलेला प्रोग्राम तिकडच्या शाळकरी मुलांसाठीचा होता. त्यातील बाई मुलाला विचारते, पुढे जाऊ का, बंद करू का. मूल तोंडाने होकार देते. आणि पडद्यावर जे रंगीत बटण असेल ते बाई स्वतः दाबते. चिनी भाषेत "ठीक आहे, चालेल" याला जो शब्द आहे, त्याचा उच्चार जवळजवळ हुबेहूब "हाव" असा होतो. शेन्झेनचा कारागीर आणि मुखेडचा शेतकरी एकाच शब्दाने मान्यता देतात, ही गोष्ट जगातील कोणत्याही अभियंत्याने गृहीत धरली नसावी.

मी पद्धतशीर चाचण्या घेतल्या. टॅबलेटसमोर सरळ उभा राहिलो आणि स्पष्ट उच्चारात "हाव" म्हणालो. काही झाले नाही. पुन्हा म्हणालो. काही नाही. स्वयंपाकघरातून उज्वलाने तारामतीला विचारले, "आत्या, मीठ टाकलं का?" तारामती आठवून म्हणाली, "हाऽव", आणि यंत्राने ताबडतोब एक खिडकी बंद केली. म्हणजे यंत्र कधी ऐके, कधी न ऐके. हा मी सुट्या भागांचा दोष मानला.

पुनम हे सारे दारात उभी राहून पाहत होती. तिचा चेहरा उतरला होता. "आबा, परीक्षेत प्रत्येक पानावर एकच रंगीत बटण असतंय."

"कोणते?"

"उत्तरे सादर करा."

ही सोय बंद करण्यासाठी मी यंत्राच्या आतील सर्व पाने धुंडाळली. ती चिनीत होती. मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर केले तर "आज्ञाधारक आत्या झोपवा" असा पर्याय दिसला. तो निवडल्यावर पडदा उलटा झाला. तो सुलटा करण्यात दुपार गेली. मग मायक्रोफोनच्या छिद्रावर चिकटपट्टी लावली, तर परीक्षेचे अ‍ॅप उघडेना. मुलाला शेजारून कोणी उत्तर सांगते का, हे ते अ‍ॅप स्वतः ऐकत असते. त्याला कान उघडा हवा. शेवटी टॅबलेट पिशवीत घालून मी पुन्हा दुकानात गेलो.

"बदलून द्या," मी म्हणालो.

दुकानदार हसला. "काका, आतलं सगळं सगळ्यांमध्ये सारखंच असतंय, असं तुम्हीच सांगितलं की. मग बदलून काय वेगळं निघनार?"

आपलेच व्याख्यान समोरून परत येते तेव्हा त्याला हरकत घेता येत नाही. मी घरी आलो. लातूरच्या वर्गाला फोन केला. नोंदवलेले यंत्र बदलता येत नाही, असे एका ध्वनिमुद्रित आवाजाने तीनही भाषांत सांगितले. पुनमला कुठे दुसरीकडे बसवावे, तर ज्या घरात "हाव" म्हणत नाहीत असे घर नांदेडमध्ये मला सापडले नाही.

एकच उपाय उरला. यंत्र बदलत नसेल तर माणसे बदलायची.

मी सर्वांना बसवून सांगितले की परीक्षेच्या वेळी या घरात तो शब्द कोणीही उच्चारणार नाही. होकार द्यायचा झाल्यास "होय" म्हणावे. मी स्वतः नोकरीत लागलेल्या सवयीने होयच म्हणतो. आजपासून सराव सुरू.

"होय म्हनलं की मी पुन्याची पावनी वाटते," तारामती म्हणाली. "माझ्या तोंडाला ते बसत न्हाई."

"मग 'बरं' म्हण."

"बरं म्हनजे राग आल्यावर म्हनायचं."

"मग नुसती मान हलव."

"तुमच्याकडं बघून मान हलवायची? चाळीस वर्सांत हलवली न्हाई."

सराव सुरू झाला. उज्वलाला दोन दिवसांत जमले. पुनम तर बोलणेच बंद करून बसली. ती फक्त पुस्तकात पाही आणि अधूनमधून माझ्याकडे, ज्या नजरेने आजारी माणूस नवशिक्या डॉक्टरकडे पाहतो त्या नजरेने. तारामतीला मात्र होकार आला की हाव येई. शेवटी तिने स्वतःच मार्ग काढला. होकार द्यायचाच नाही. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला ती "न्हाई" म्हणू लागली.

"चहा करतेस?"

"न्हाई."

"दूध आले का?"

"न्हाई." दूध तिच्या हातात होते.

ते दिवस मी कसे काढले हे सांगत नाही. घरात होकार किती असतात हे ते बंद झाल्यावर समजते. पण एका मुलीचे वर्ष टांगणीला लागले असताना चहाचे काय घेऊन बसायचे, अशी मी मनाची समजूत घातली.

परीक्षेच्या दिवशी सकाळी पुनमने आतल्या खोलीत टॅबलेट मांडला. देवाला नमस्कार केला, आजीला केला, आईला केला. माझ्यापाशी येऊन ती थोडी थांबली आणि म्हणाली, "आबा, तेवढं बघा." मग दार लावून घेतले. परीक्षा सुरू झाली. मी बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकून बसलो. शेजारणीला आधीच सांगून ठेवले होते. भाजीवाल्याला कोपऱ्यावरूनच परत पाठवले होते. रस्त्यावरच्या फाटकाला आतून कडी होती. पुनमचा जीवशास्त्राचा भाग आता चालू असेल, असा मी अंदाज बांधत होतो आणि प्रथमच मला वाटले की जमेल.

फाटकाची कडी बाहेरून हात घालून काढता येते, हे आमच्या नातेवाइकांपैकी एकालाच माहीत आहे.

"अक्का," दगडोबा अंगणातूनच बोलत आला. मुखेडहून पहिली बस धरून आला होता. त्याचा आवाज एका शेतातून दुसऱ्या शेतात पोचावा म्हणून घडलेला आहे. घरात तो मावत नाही. "अयोध्याचं जमवून राहिलो. अर्धापूरचं स्थळ हाय. केळीची बाग हाय, पोरगं शिकेल हाय. पावन्याला आज कळवायचंय. तुला इचारल्याबिगर कसं कळवू? देऊ का होकार?"

दगडोबाची मुलगी अयोध्या तारामतीला पोटच्या मुलीसारखी. हे स्थळ तिनेच सुचवलेले. तिच्या डोळ्यांत आनंद दाटला, तोंड उघडले, आणि तिने ते दोन्ही हातांनी दाबून धरले.

"काय झालं?" दगडोबा म्हणाला. "देऊ न्हवं?"

तारामतीने मान हलवली. सराव नसल्यामुळे ती मान खाली-वर न जाता आडवी गेली.

दगडोबाचा चेहरा पडला. "न्हाई? अक्का, तूच म्हनली व्हती की चांगलं घर हाय म्हनून. काय ऐकलं तू त्यांच्याबद्दल? पोरगं दारू पेतं का?"

"न्हाई," तारामती म्हणाली. "न्हाई न्हाई. न्हाई म्हनजे न्हाई न्हवं."

"सरळ बोल की."

मी पुढे झालो. त्याला कोपऱ्यात ओढले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणालो, "दगडोबा, आत पुनमचा पेपर चालू आहे. या घरात एक शब्द आज बोलायचा नाही."

"कंचा शब्द, दाजी?"

वाचकहो, इतकी वर्षे शिकवूनही ही अडचण माझ्या ध्यानात आली नव्हती. जो शब्द उच्चारायचा नाही तो कोणता, हे उच्चारल्याशिवाय सांगायचे कसे? मी म्हणालो, "होकाराचा."

"अयोध्याच्या?"

"कोणाच्याही. तो जो आपण नेहमी म्हणतो."

"काय म्हनतो आपन?"

उज्वला घाबरून दाराला पाठ लावून उभी होती. तारामती अजून तोंड दाबून होती. तेव्हा मला माझी तांत्रिक तोड सुचली. शब्द बोलता येत नसेल तर लिहिता येतो. समोरच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मी सुवाच्य अक्षरात दोन अक्षरे लिहिली आणि कागद दगडोबासमोर धरला.

दगडोबा शाळेत शिकला तसाच अजूनही वाचतो. अक्षरावर बोट ठेवून, सूर लावून आणि मोठ्याने.

"हाऽव," त्याने वाचले.

बंद दारामागून बाईचा गोड आवाज आला.

"हाऽव?" दगडोबा चकित होऊन म्हणाला. "हे म्हनायचं न्हाई?"

बाई पुन्हा बोलली.

दार उघडले. पुनम उंबऱ्यात उभी होती. पहिल्या होकाराने उत्तरे सादर झाली होती. मग यंत्राने "आपली खात्री आहे का?" असे विचारले होते, आणि दगडोबाच्या दुसऱ्या होकाराने तीही दिली होती. जीवशास्त्र पूर्ण झाले होते, रसायनशास्त्र अर्धे. भौतिकशास्त्राला तिने हात लावला नव्हता.

"झालं, आबा," एवढेच ती म्हणाली. रडली असती तर बरे झाले असते.

दगडोबा एकदा तिच्याकडे, एकदा हातातल्या कागदाकडे बघत राहिला. "मी नुसतं वाचलं," तो म्हणाला.

लातूरहून फोन यायला वेळ लागला नाही. वर्गाचे प्रमुख आनंदराज सर स्वतः बोलत होते. मी त्यांना सारा प्रकार पहिल्यापासून सांगायला घेतला. काचा, बॅटऱ्या, साचे यांपर्यंत आलो तेव्हा ते म्हणाले, "काका, मुद्द्यावर या."

"मुद्दा असा, की माझ्या मेहुण्याने होकार दिला आणि पेपर जमा झाला."

"काका, परीक्षेचा आवाज आमच्याकडं रेकॉर्ड होतो." त्यांनी तो मला ऐकवला. त्यात कोणीतरी दबक्या आवाजात "एक शब्द आज बोलायचा नाही" म्हणत होते. तो मीच. मग खणखणीत "हाऽव". थोड्या वेळाने पुन्हा "हाऽव". "बाहेरून कुणीतरी खुणेनं उत्तरं सांगून राहिलंय, असं वाटतंय हे. असं झालं की नाव कायमचं काढून टाकतो आम्ही. उद्या या. मुलगी, यंत्र आणि तो हाववाला माणूस, तिघांनाही घेऊन या. मला करून दाखवा."

म्हणजे आता प्रश्न अपुऱ्या पेपरचा राहिला नव्हता. पुनम चोर ठरत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही लातूरच्या बसमध्ये बसलो. पुनम खिडकीशी, मांडीवर टॅबलेट. दगडोबाने इस्त्रीचे कपडे आणि नवी टोपी घातली होती, कचेरीत साक्ष द्यायला निघाल्यासारखी. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "पुनम, माझ्या पोरीचं लगीन न्हाई झालं तरी चालंल, तुझं व्हायला पायजे."

"माझं लगीन न्हाई, मामाआजोबा. परीक्षा."

"तेच ते."

आनंदराज सर माझ्या रामलिंगच्या वयाचे निघाले. त्यांनी टॅबलेट टेबलावर ठेवला, नमुन्याचा पेपर उघडला आणि दगडोबाकडे वळले. "म्हणा."

दगडोबा उठून उभा राहिला. टोपी सारखी केली. हात जोडले. "हाव," तो म्हणाला.

काही झाले नाही.

"पुन्हा."

"हाव." काही नाही. "हाव, साहेब." यंत्र मुकाट.

मी म्हणून पाहिले. बाहेर टोकन देणाऱ्या मुलीने म्हणून पाहिले. शिपायाने दाराआडून म्हणून पाहिले. त्या कार्यालयात त्या दिवशी जितके होकार दिले गेले तितके एखाद्या ग्रामसभेतही दिले जात नसतील. आणि त्या निगरगट्ट काचेने एकही ऐकला नाही. सर माझ्याकडे पाहू लागले. ती नजर मला ओळखीची होती. कॉपी पकडल्यावर मी स्वतः मुलांकडे तसाच पाहत असे.

मला त्या क्षणी उमगले, आणि उमगून काही उपयोग नव्हता. चिनी भाषेत शब्दापेक्षा सूर महत्त्वाचा, असे मी वाचले होते. त्यांचा होकार आधी खाली जातो आणि मग वर येतो. आमच्याकडे मनापासून निघालेला हाव असाच असतो. जरा विचारात बुडतो आणि वर येतो. हुकमावरून म्हटलेला हाव सपाट असतो. मी घरी उभा राहून घेतलेल्या साऱ्या चाचण्या सपाट होत्या. मी हे सरांना सांगितले.

"काका," सर थकून म्हणाले, "आता सूरही सुरू केला का तुम्ही?"

ते संगणकाकडे वळले. बराच वेळ काही पाहत बसले. पुनम दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. तिच्या शेजारी बसून, पदविकेपासून निवृत्तीपर्यंत मी जे जे शिकलो त्यातले या मुलीच्या काय कामाला येईल हे मी शोधत होतो. काहीच नाही.

"जीवशास्त्राचे सगळे बरोबर आहेत," सर अचानक म्हणाले. "खुणेनं सांगायला ह्या दोघांना जीवशास्त्र येतं का?"

"म्हशीपुरतं," दगडोबा प्रामाणिकपणे म्हणाला.

सर हसले नाहीत. पण त्यांचा आवाज बदलला. "हे बघ बाळ, तुमची कहाणी मला पटलेली नाही. पण तुझी उत्तरं पटली. एक राखीव पेपर आहे. तो नोंदवलेल्या यंत्रावरच उघडतो, पण इथं माझ्यासमोर सोडवायचा. एकच आहे, पुन्हा मिळणार नाही." त्यांनी टॅबलेटवर तो पेपर उघडला. पहिला प्रश्न पडद्यावर आला. खाली रंगीत बटण. टॅबलेट त्यांनी पुनमसमोर सरकवला. "बसतेस का आत्ता?"

पुनमने वर पाहिले. विश्वास बसत नव्हता. वर्षभराचे जागरण, कालचा दिवस आणि आजचा प्रवास त्या एका शब्दात खाली बुडाला आणि वर आला.

"हाऽव, सर."

बाईचा गोड आवाज कार्यालयभर पसरला. बटण दाबले गेले. पडद्यावर प्रश्न आला: आपली खात्री आहे का?

मी उठून हात पुढे केला. पण सर पडद्यावर वाकले होते. तोंड उघडे, डोळे विस्फारलेले. आमच्या भागातल्या माणसाने आश्चर्याने 'खरंच?' या अर्थी जे म्हणावे तेच ते म्हणाले.

"हाऽव?"

राखीव पेपर जमा झाला. एकूण उत्तरे: शून्य.

कार्यालयात बोलण्याची कोणाची हिंमतच नव्हती. सरांनी एका बोटाने टॅबलेट टेबलाच्या पार कडेला ढकलला, जसा आपण नको असलेला विंचू ढकलतो. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पटलं."

त्यांनी नियम बाजूला ठेवून त्या पेपरची छापील प्रत काढायला लावली. पुनमला कोपऱ्यातले टेबल दिले, आणि स्वतःच्या खिशातला पेन. आम्हा दोघांना बाहेर बाकावर बसवले. दगडोबाने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पेपर संपेपर्यंत तोंडातून ब्र काढला नाही. त्याच्या आयुष्यातील हा सर्वांत लांब मौनाचा काळ असावा. पुनम बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांना शाई होती आणि चेहऱ्यावर काय होते ते वाचायला मला धीर झाला नाही.

पुढच्या आठवड्यात सकाळी फोन वाजला. घरातील सारी माणसे माझ्याभोवती जमली. टॅबलेट समोरच कपाटावर होता. त्याला हात लावायला आता कोणी धजत नसे.

"काका," आनंदराज सर म्हणाले, "पुनम निवडली गेली. पहिल्या दहात आहे."

मी घरच्यांना एका हाताने दोनदा पाच बोटे दाखवली.

"फक्त एक अट आहे. मुलगी पाठवा. ते यंत्र आणि तिचे आजोबा, दोन्ही नांदेडलाच राहू द्या. इथं येऊन कुणाला काही समजावून सांगायचं नाही. मान्य आहे का?"

मी कपाटाकडे पाहिले. आणि 'होय'चाही धोका न पत्करता, अत्यंत काळजीपूर्वक, खाली-वर, मान हलवली.

"हॅलो? काका? मान्य नसेल तर पुढच्या मुलीला फोन लावू का?"

मी आणखी जोरात मान हलवली. फोनवर मान दिसत नाही हे, तंत्रनिकेतनाची पदविका असूनही, पुनमने तो माझ्या हातातून ओढून घेतला तेव्हा माझ्या लक्षात आले.